वाऱ्यावर सोडणारा कोण?

ऐन अडचणींत एकटें पडलेल्या मनुष्यास इंग्रज लोक ‘उंच आणि कोरडा राहिला’ असें म्हणतात. ओहोटीनें पाणी मागें गेलें, जहाज वाळूंत रुतलें. ह्यांत अपराधी कोणी नाहीं. आमची मराठी अधिक कठोर. ‘वाऱ्यावर सोडलें’ म्हटलें कीं, सोडणारा कोण, हा प्रश्न लागलाच उभा राहतो.

मोखाडा तालुक्यांत कोचाळ्याजवळ वैतरणेवरील मध्य वैतरणा धरण २०१२ सालीं पुरें झालें. तेथून दररोज सुमारें ४५ कोटी लिटर पाणी मुंबईस मिळतें. आणि वैशाखांत ह्याच तालुक्यांतील पाड्यांवर बायका रिकामे हंडे घेऊन टँकरची वाट पाहतात. ही ओहोटी काय? पाडे डोंगरावर, पाणी खोऱ्यांत, हें खरें. परंतु जो नळ मुंबई गांठतो तो डोंगर चढत नाहीं! मुंबईचा तहानेला मनुष्य आमचा वैरी नव्हे. तोटी सोडतांना त्यास मोखाडा आठवत नसेल, इतकेंच. पण न आठवणें हेंही सोडून जाणेंच होय, असें आम्हांस वाटतें.

आणि आम्ही तरी काय केलें? प्रत्येक उन्हाळ्यांत ‘पाणी आटलें’ एवढेंच मंडळींत बोलत आलों.