शंभर कड्या

नगरच्या एका तंत्रनिकेतनात शिकणाऱ्या मुलीनं रणगाडा बांधायचं ठरवलं, तेव्हा तिच्याजवळ शिकवण्या घेऊन साठवलेले वीस हजार रुपये होते. रणगाडा सेंच्युरियन, खऱ्याच्या एक-षष्ठांश मापाचा, रेडिओवर चालणारा. घरात कुणी हसलं नाही. या गावाला रणगाडा परका नाही. आर्मर्ड कोरचं प्रशिक्षण केंद्र इथं आहे, 1994 साली उघडलेलं रणगाड्यांचं संग्रहालय इथं आहे, आणि तिचे आबा लष्कराच्या ईएमईत हवालदार होते. त्यांची निम्मी नोकरी विजयंता रणगाड्याच्या पोटाखाली पडून नटबोल्ट आवळण्यात गेली होती.

सेंच्युरियनच का, हे तिला कुणी विचारायची गरज नव्हती. 1965 साली फिल्लोराच्या लढाईत लेफ्टनंट कर्नल तारापोर आणि 1971 साली बसंतरला सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल, दोघंही पूना हॉर्स रेजिमेंटचे, दोघंही याच रणगाड्यातून लढले आणि दोघांनाही मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. शाळेच्या सहलीत संग्रहालयात ऐकलेली ही नावं तिच्या मनात घर करून होती.

पैशाचं गणित मात्र कठीण होतं. खरा सेंच्युरियन सुमारे 51 टनांचा. लांबी, रुंदी, उंची सहा-सहा पटींनी उतरवली की वजन 216 पटींनी उतरतं, म्हणजे तोच रणगाडा तसाच लोखंडात केला तर 240 किलोच्या घरात जाईल. ब्रिटनमध्ये या मापाचे धातूचे तयार संच मिळतात, त्यांना हजारो पौंड पडतात. तिनं 12 मिलिमीटरचं प्लायवूड घेतलं आणि सगळा डोलारा चाळीस किलोच्या आत बसवायचा ठरवला. तोफेशिवायची लांबी सव्वा मीटर, रुंदी छप्पन्न सेंटिमीटर. घराच्या दारातून जेमतेम बाहेर निघेल एवढा.

भंगार बाजारात ती आबांना घेऊन गेली. तिथं वायपरच्या मोटर ढिगानं पडलेल्या होत्या, स्वस्तही होत्या. तिचा हात तिकडं गेला तेव्हा आबा म्हणाले, "आधी हिशेब कर, पोरी." सेंच्युरियनचा वेग ताशी 35 किलोमीटरच्या आसपास, सहानं भागला की ताशी सहा, म्हणजे माणसाची झपाझप चाल. वायपरची मोटर मिनिटाला पन्नास-साठ फेरे मारते. तेवढ्यावर हे धूड ताशी किलोमीटरभर सरपटलं असतं. मग दोन ट्रॅकसाठी मोडीत निघालेल्या ई-सायकलींच्या 24 व्होल्टच्या, 250 वॉटच्या, गिअर असलेल्या दोन मोटर घेतल्या, आणि वायपरची एक घेतली ती बुरूज फिरवायला. जुन्या यूपीएसच्या दोन बॅटऱ्या मिळाल्या. त्यांचं वजनही कामाला आलं, तळाशी बसवल्यावर गाडी उलटायची भीती कमी झाली. बाराच्या बारा जोडचाकं प्लायच्या तेरा सेंटिमीटरच्या चकत्यांची, मध्ये स्केटला लागतं ते साधं 608 नंबरचं बेअरिंग. इथवर सगळं छान जमलं होतं.

मग तिनं बुरूज हातात घेतला, आणि तो काही सुटेना. बारीक पत्र्याच्या पेट्या, बिजागऱ्यांची झाकणं, वेल्डिंगच्या शिवणी दिसाव्यात म्हणून पुट्टीच्या वळ्या. तोफेसाठी पीव्हीसी पाइप चालला असता, तिनं ॲल्युमिनियमची नळी लेथवर कातून घेतली. धूर सोडणारं यंत्र मागवलं, इंजिनाच्या आवाजाचं कार्ड घेतलं. येणारा-जाणारा थांबून बघायचा, फोटो काढायचा. बुरूज खरोखर सुंदर झाला होता, हे मी मोकळेपणानं सांगतो. हाताची कला तिच्यात होतीच.

राहिले ट्रॅक. सेंच्युरियनच्या दोन्ही बाजूंना लोखंडी पत्रे असतात आणि ट्रॅकचा वरचा भाग त्यांच्याआड जातो. तिनंही तोच विचार केला: झाकलंच जाणार आहे. उरलेल्या पैशात प्लॅस्टिकच्या जाड पट्ट्या आणल्या, दहा सेंटिमीटर रुंदीच्या कड्या कापल्या, पेन्सिलीनं खुणा केल्या आणि हातातल्या ड्रिलनं भोकं पाडली. वेल्डिंगच्या कांड्यांवरचं आवरण झटकून आतल्या तारेच्या पिना केल्या. एका बाजूला शंभर कड्या, दुसऱ्या बाजूला शंभर. चार संध्याकाळींत काम उरकलं.

अंगणात रणगाडा सरळ गेला तेव्हा शेजारची पोरं ओरडली. मग तिनं वळवला. रणगाड्याचं वळणं मोटारीसारखं नसतं. एक ट्रॅक मंदावतो, दुसरा रेटतो, आणि अख्खी गाडी जमीन खरवडत आडवी घसरते. तो आडवा जोर कड्यांवर आला, मागच्या दातेरी चाकावर कडी दातावर चढली, पुढची दोन दातांच्या मध्ये अडकली, मोटर जागच्या जागी थांबली. थांबलेली मोटर फिरत्या मोटरच्या कितीतरी पट प्रवाह ओढते. स्वस्तातला कंट्रोलर तेवढा सोसणारा नव्हता. जळक्या वासानं ती धावत गेली तोवर तो गेला होता.

"मोटर कमी पडतायत," ती म्हणाली. "मोठ्या घ्याव्या लागतील."

आबांनी उत्तर दिलं नाही. दोन्ही ट्रॅकच्या पिना ओढल्या, डाव्याच्या दहा कड्या सुट्या केल्या, उजव्याच्या दहा सुट्या केल्या, आणि फरशीवर शेजारी-शेजारी ताणून ठेवल्या. उजवा पट्टा डाव्यापेक्षा बोटाच्या पाव पेरानं लांब भरला. ती खाली बसली. कडीमागे अर्धा मिलिमीटर, दहा कड्यांत पाच, शंभर कड्यांत पाच सेंटिमीटर. तिची कडी होती तेवीस मिलिमीटरची. म्हणजे उजव्या ट्रॅकमध्ये न मोजलेल्या दोन कड्या लपून बसल्या होत्या, आणि त्या कुठल्याही एका जागी सापडणाऱ्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी आबा तिला संग्रहालयात घेऊन गेले. या खेपेला त्यांनी तिला वर बघूच दिलं नाही. सेंच्युरियनपाशी उकिडवं बसायला लावलं आणि पत्र्याखालून आत बघायला सांगितलं. "पिन झिजते, भोक झिजतं," ते म्हणाले, "आणि ट्रॅक लांबतो. रोज बघायचा. पुढचं चाक सरकवून ताण द्यायचा. ते सरकायचं संपलं की एक कडी काढायची आणि पुन्हा जोडायचा. पावसात, चिखलात, अंधारात. तोफ बिघडली तर गाडी मागं तरी नेता येते. ट्रॅक गेला की हलता येत नाही, आणि न हलणारी गाडी म्हणजे समोरच्याचं निशाण."

मग पॅटन रणगाड्यापाशी थांबून त्यांनी 1965 च्या असल उत्तरच्या लढाईबद्दल सांगितलं. पाकिस्तानकडचा पॅटन तेव्हा नवा, नामांकित रणगाडा, 90 मिलिमीटरची तोफ. आपल्या लोकांनी शेतांत पाणी सोडलं, आणि उसाच्या त्या ओल्या रानात ते भारी रणगाडे रुतू लागले. तोफेत काही उणं नव्हतं.

घरी येऊन तिनं हिशेबाची वही पुन्हा उघडली. धुराचं यंत्र परत पाठवलं, आवाजाचं कार्ड कमी किमतीत विकून टाकलं. जमलेल्या पैशांतून जास्त प्रवाह सोसणारा कंट्रोलर आला, आणि बाकीचे तिनं ज्या वस्तूवर घातले ती रणगाड्यात बसणारच नव्हती. नागापूर एमआयडीसीतल्या एका टर्नरकडून तिनं ड्रिलिंगचा जिग करून घेतला: पोलादाचा ठोकळा, कडी घट्ट बसेल अशी खाच, आणि ड्रिल तसूभरही हलू नये म्हणून कडक पोलादाची दोन बुशिंग. घरच्यांना हे पटलं नाही. पैसे आधीच कमी, त्यात एवढी किंमत एका ठोकळ्याला? पण मला विचाराल तर त्या सगळ्या खटाटोपात काटकसर तिनं खऱ्या अर्थानं इथंच केली. ठोकळा एकदाच अचूक करायचा होता. कड्या दोनशे होत्या.

जुन्या कड्या टाकल्या. नव्या पट्ट्या, नव्या कड्या, प्रत्येकीच्या मधोमध जोडचाकांच्या फटीतून जाणारा दात. काम कंटाळवाणं होतं, ते गोड करून सांगण्यात अर्थ नाही. आबा ड्रिलला हात लावत नसत. दर दहावी कडी उचलून पिन घालून बघत, आणि सैल किंवा कचकचीत लागली की काही न बोलता बाजूला ठेवत. पहिल्या आठवड्यात बाजूचा ढीग मोठा होता. पुढं तो वाढायचा थांबला. पुढच्या चाकाला तिनं लांबट भोक आणि ताण द्यायला बोल्ट ठेवला, संग्रहालयात वाकून पाहिला होता तसा.

तंत्रनिकेतनाच्या प्रदर्शनात रणगाडा गेला तेव्हा बुरुजाला नुसता प्रायमर होता. रंगाला पैसे उरले नव्हते. बाजूचे पत्रे तिनं मुद्दाम लावले नाहीत. "धूर नाही येत?" "तोफ उडते का?" असं विचारून बरेच जण पुढं गेले. विटांच्या उतारावर तो चढला, वाळूत जागच्या जागी फिरला, बाहेर आला, पुन्हा चढला.

दुपारी पांढऱ्या मिशांचे एक गृहस्थ आले. त्यांनी बुरुजाकडं पाहिलं नाही. गुडघ्यावर हात ठेवून खाली बसले आणि ट्रॅकच्या वरच्या झोळावर चार बोटं दाबली.

"कड्या काढल्यास का गं आजवर?"

"एक, काका. उजव्या ट्रॅकची."

"उजव्याचीच?"

"अंगणात डावीकडं वळायला मोकळी जागा होती. बाहेरचा म्हणून उजवा जास्त पळाला, जास्त झिजला."

त्यांनी डाव्या ट्रॅकवरही बोटं दाबून पाहिली आणि उठून मागं सरकले.

"मग आता उजवीकडं वळव," ते म्हणाले. "आणि वाळूतच वळव."

तिनं रिमोट हातात घेतला आणि वळवला.