पहिला आशीर्वाद

बायबलच्या पहिल्याच पानावर एक गोष्ट आहे. तिच्याकडे आमचे लक्ष फार उशिरा गेले. परमेश्वराने उच्चारलेला पहिला आशीर्वाद मानवाच्या वाट्याला आलेला नाही. तो पाचव्या दिवशी जलचरांना आणि पाखरांना लाभला. जलचरांनी फळावे, वाढावे, सागर भरून टाकावेत, असा तो आशीर्वाद. मनुष्याची पाळी त्यानंतरची. सेमिनरीत उत्पत्तीच्या पुस्तकाचे अध्ययन आम्ही मोठ्या निष्ठेने केले होते. परंतु या क्रमाचा अर्थ आम्हांला वर्गात नव्हे, तर वसईच्या किनाऱ्यावर उमगला.

पावसाळा सरला की किनाऱ्यावरील होड्या पताकांनी सजतात. पवित्र जल शिंपडीत आम्ही त्यांच्यामधून फिरतो आणि जाळी भरून येवोत, अशी प्रार्थना करतो. काही वर्षांपूर्वी, उन्हाळ्याच्या तोंडाशी, एका नाखव्याच्या डोलीचा खोला आमच्यासमक्ष वाळूवर रिकामा झाला. बोंबील, करंदी, जवळा यांच्या त्या ओल्या राशीत नाण्यांसारखे काहीतरी चमकत होते. ती पापलेटची पिल्ले होती. जाळे भरून आले होते खरे. पण आम्ही मागितले होते ते हेच काय, या विचाराने आम्ही अस्वस्थ झालो.

आमच्या चेहऱ्यावरील प्रश्न त्या नाखव्याने ओळखला. तो म्हणाला, "फादर, ही मारायला मलाही आवडत नाही. पण खोल्यात दाबली गेलेली पिल्ले वर येईपर्यंत जगत नाहीत. मोठ्या आसाचे जाळे लावले तर माझा जवळा निसटणार. आणि मी सोडलेले पापलेट पुढचा ट्रॉलर धरणार. मग माझ्या सोडण्याचे पुण्य कोणाच्या पदरात पडले?"

आम्हांला त्या दिवशी उत्तर देता आले नाही. प्रस्तुत लेख म्हणजे त्याचे राहिलेले देणे होय.

प्रथम ज्ञानाचा विचार करू. स्वातंत्र्याच्याच वर्षी, १९४७ मध्ये, आपल्या देशात केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था स्थापन झाली. तेव्हापासून तिचे संशोधक बंदराबंदरांवर उतरणारी मासळी मोजीत आले आहेत. माशाच्या कानातील इवल्या खड्यावरील वलयांवरून त्याचे वय कळते. पोटातील गाबोळी पाहून तो कोणत्या आकाराला विणीस येतो, हे कळते. अशा अभ्यासाच्या आधारे महाराष्ट्र शासनाने २०२३ साली ५४ जातींच्या मासळीसाठी किमान आकार ठरवून दिला. पापलेटसाठी ती मर्यादा १३५ मिलिमीटर, बोंबलासाठी १८०. त्याच वर्षी पापलेटला राज्यमाशाचा मानही मिळाला. मागचा विचार साधा आहे. प्रत्येक जिवाला निदान एकदा तरी वीण घालू द्यावी. म्हणजेच पाचव्या दिवसाचा आशीर्वाद त्याच्या बाबतीत पुरा होऊ द्यावा.

जाळ्यांवरही संशोधन झाले आहे. ट्रॉलचे जाळे ओढले जात असता त्याच्या टोकाकडील शंकरपाळ्याच्या आकाराचे आस ताणाने मिटतात आणि पिल्लांची वाट बंद होते. तेच आस चौकोनी विणले, तर ताणातही उघडे राहतात. बदल एवढासाच, पण लहान मासा खोल पाण्यातच, जिवंतपणी बाहेर पडतो. शुभवर्तमानातील जाळ्याच्या दाखल्यात मासे किनाऱ्यावर ओढून मग चांगले-वाईट निवडले जातात. ती निवड युगाच्या अंतीची. आपल्याला मात्र निवड पाण्यातच करावी लागणार आहे. किनाऱ्यावर केलेल्या निवडीने मेलेले पिल्लू जिवंत होत नाही.

तथापि विज्ञानाला आम्ही देव्हाऱ्यात बसवू इच्छीत नाही. कॅनडातील न्यूफाउंडलंड बेटाभोवतीचा समुद्र शतकानुशतके कॉड माशासाठी विख्यात होता. तेथील अनेक मासेमारी गावे आयरिश कॅथलिक कुटुंबांची. आपल्या किनाऱ्याप्रमाणेच मासळीवर जगणारी. १९८० नंतरच्या दशकात किनाऱ्यालगत मासेमारी करणारे म्हणू लागले की कॉड कमी होत आहे. सरकारी अंदाज मात्र समुद्रात मासा भरपूर असल्याचे सांगत होते. ते अंदाज चुकले. २ जुलै १९९२ रोजी मासेमारीवर बंदी आली आणि सुमारे ३०,००० लोकांचा रोजगार गेला. ती व्यापारी मासेमारी मर्यादित प्रमाणात पुन्हा खुली व्हायला २०२४ साल उजाडावे लागले. संशोधकाने होडीवाल्याचे ऐकले नाही, तर संशोधनही आंधळे होते, हा त्याचा धडा. आणि मोजमाप चुकते तेव्हा प्रथम चूल विझते ती मोजणाऱ्याची नव्हे, मच्छीमाराची.

आता नाखव्याच्या प्रश्नाकडे वळू. अज्ञानाने दोष हलका होतो, ज्ञानाने जबाबदारी वाढते, हे नीतिशास्त्राचे जुने तत्त्व आहे. पिल्ले मारल्याने काय घडते, हे कळल्यावर "आम्हांला ठाऊक नव्हते" असे कोणालाच म्हणता येणार नाही. पण एकट्याचा त्याग दुसऱ्याच्या लोभाचे भक्ष्य ठरत असेल, तर तो त्याग करण्यास माणूस बांधील आहे काय?

आमच्या मते येथे दोन टोके टाळली पाहिजेत. "इतर करतात म्हणून मी करतो" हे समर्थन सद्सद्विवेकबुद्धीपुढे टिकत नाही. मात्र सगळ्या गावाचे ओझे एका गरिबाच्या खांद्यावर ठेवून त्याला संयमाचे प्रवचन देणे हाही न्याय नव्हे. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८७ च्या आपल्या परिपत्रकात पापाच्या संरचनांविषयी लिहिले. पाप जेव्हा व्यवहाराच्या रचनेतच मुरते, तेव्हा ते एकट्याच्या पश्चात्तापाने निघत नाही. म्हणून नाखव्याचे पहिले कर्तव्य एकट्याने उपाशी राहणे हे नसून सर्वांनी मिळून थांबावे यासाठी झटणे हे आहे. ही गोष्ट आपल्याला परकी नाही. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवण्याचा रिवाज कोळी समाजाने कायद्याच्या कितीतरी आधीपासून पाळला. १ जून ते ३१ जुलैची सरकारी बंदी नंतरची. एका गावाने एका दिवशी होड्या ओढल्या, की कोणी कोणाला फसवीत नाही. तसेच आसाच्या बाबतीत का घडू नये? मच्छीमार सहकारी संस्थेच्या सभेत संशोधकाला बोलवावे, त्याचे ऐकावे, त्यालाही ऐकवावे. शासनाने डोलवाल्याला आकार शिकविताना मोठ्या ट्रॉलरकडे काणाडोळा करू नये. जाळे बदलताना बुडणारी मिळकत कोण भरून देणार, हेही त्याच सभेत ठरावे.

परंतु एक पक्ष त्या सभेला कधीच हजर नसतो. तो म्हणजे खाणारा, अर्थात आपण. लग्नाच्या किंवा सणाच्या पंगतीत प्रत्येकाच्या ताटात एक अख्खे पापलेट यावे, ही हौस कोणाची? मोठा मासा परवडत नाही, मग लहान मागविले जातात. ताटाच्या मापाने मासा मागणारा हात जाळ्याचा आस बारीक करीत असतो. नाखव्याला प्रश्न विचारणारे आम्हीही अशा कित्येक पंगतींत आशीर्वाद देऊन जेवलो आहोत, ही कबुली येथे दिलीच पाहिजे.

यावर कोणी म्हणेल, मत्स्यशेती करावी म्हणजे सागराला विश्रांती मिळेल. आशा रास्त आहे; कोळंबीच्या तलावांनी अनेकांना रोजगारही दिला. पण तलावातील कोळंबीच्या खाद्यात मासळीची भुकटी असते आणि ती बहुतांशी समुद्रातील लहान मासळीपासूनच होते. किनाऱ्यावर कुटा म्हणून विकले गेलेले पिल्लू त्या वाटेने पुन्हा ताटात येते. यासाठीच सोयाबीन, कीटक इत्यादींपासून खाद्य बनविण्याचे जे प्रयोग चालू आहेत, त्यांचे मोल मोठे आहे. धीराने वर्षानुवर्षे असे काम करणारा संशोधक निर्मात्याच्या बागेची राखणच करीत असतो. मात्र आपली हाव मोकळी राहावी म्हणून आपण त्याच्या शोधाची वाट पाहत असू, तर कोणतेच संशोधन पुरे पडणार नाही.

त्या नाखव्याला आमचे उत्तर असे: बाबा, तू एकट्याने सोडलेल्या पिल्लाचे पुण्य वाया जात नाही, पण ते तुझ्या एकट्याकडून मागण्याचा अधिकार आम्हांला नाही. आम्ही ताटात थांबलो, तरच तुला समुद्रात थांबायला सांगू शकतो.

येत्या ऑगस्टमध्ये होड्यांना आशीर्वाद देताना जाळी भरून येवोत, ही प्रार्थना आम्ही पूर्वीप्रमाणेच करू. तिच्याआधी एक विनंती जोडू: हे प्रभो, माशांना तू दिलेला पहिला आशीर्वाद आमच्या हातून मोडला जाऊ नये.