झिंकला रंग लावू नका, पण…

बोटींची ड्राइव्ह (इंजिनाचा पंखा फिरवणारा, पाण्यात बुडलेला भाग) गंजू न देणं हे माझं पोटापाण्याचं काम. ते मी चोख करतो, असं कोलकात्यातल्या बालीगंजच्या घरी बसून मी स्वतःला बजावत असतो. हा चोखपणा नेमका कुणासाठी, हे मात्र मनाला कधी विचारलं नव्हतं.

बुडाला शेवाळ आणि बार्नॅकल धरू नयेत म्हणून जो रंग लावतात, त्यात बहुधा तांब्याचं ऑक्साइड असतं. ड्राइव्हचं कवच अ‍ॅल्युमिनियमचं. पाण्यात या दोघांची गाठ पडली की अ‍ॅल्युमिनियमच झिजतं: रंगाला फोड, खाली पांढरी भुकटी, मग खड्डे. म्हणून ड्राइव्हभोवती तीन-चार सेंटिमीटर पट्टी मी कोरी सोडतो. ड्राइव्हला आधी इपॉक्सी प्रायमर आणि वर तांबं नसलेला रंग. ड्राइव्हला जोडलेल्या झिंकला, म्हणजे जस्ताच्या वडीला, रंग अजिबात नाही. ते स्वतः झिजून बाकीच्यांना वाचवतं, रंगवलं की त्याचं काम थांबलं. हुगळी नदीत आणखी एक भानगड. 1975 साली वर फरक्का बंधारा सुरू झाल्यापासून कोलकात्यापाशी गोडं पाणी वाढलं, सागर बेटाकडे मात्र खारं. गोड्या पाण्यात जस्तावर थर चढतो आणि ते निकामी होतं. दोन्हीकडे फिरणाऱ्या बोटीला अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची वडी बरी.

हे सगळं मला पाठ आहे, त्यामागचा इतिहासही. 1824 मध्ये हम्फ्री डेव्हीने ब्रिटिश नौदलाच्या जहाजांवरचं तांबं झिजू नये म्हणून त्याला लोखंड-जस्ताचे तुकडे जोडले. तांबं वाचलं, पण बुडाला शेवाळ-शिंपले चिकटू लागले. म्हणजे तांबं विरघळतं, म्हणूनच बूड स्वच्छ राहतं. हे वाचलं होतं तरी त्याचा अर्थ मी स्वतःला लावून घेतला नाही. पट्टीचा हिशेब मालकाला देतो. उरलेल्या बुडावरचं तांबं नदीत जातं, त्याचा हिशेब कुणी मागत नाही. ड्राइव्हला मालक आहे, तो फोन करतो.

मोठ्या जहाजांपुढे आपल्या बोटी कितीशा, ही पळवाट मीही वापरतो. कथिलयुक्त टीबीटी रंगांच्या काळातही ती चालली असणार; फ्रान्समधल्या आर्काशोंच्या कालवांचे शिंपले वेडेवाकडे होईपर्यंत. जगभर त्या रंगांवर बंदी अमलात आली ती 2008 साली. गरियाहाटच्या बाजारात इलिश मी कौतुकाने निवडून घेतो. तीच मासळी अंडी घालायला याच हुगळीत वर येते, आणि विरघळलेलं तांबं माशांच्या कोवळ्या पिल्लांना बाधतं. हे दोन विचार मी सोयीने वेगळे ठेवले.

धंदा सोडणार नाही; तेवढा मी साधू नाही. सिलिकॉनचे विषाविना रंग आहेत, पण महाग, आणि एका जागी उभ्या राहणाऱ्या बोटीला फारसे उपयोगाचे नाहीत. पण मालकाने न विचारताही एवढं सांगणं माझ्या हातात आहे: बोट ट्रेलरवर, कोरडी ठेवत असाल तर हा तांब्याचा रंग लावूच नका. जुना रंग काढायचा तर ओला करून घासा, खाली ताडपत्री अंथरा, आणि ती खरवड घाटावर टाकून जाऊ नका.