दिलाशाचा खरेपणा

दिल्लीत दिवाळीनंतर एक रात्र अशी येते, की त्या रात्री घरातला पंखा पहिल्यांदा बंद राहतो. ज्या कूलरच्या घरघरीला आपण उन्हाळाभर नावे ठेवली, तो त्यापूर्वीच बाल्कनीत जुन्या चादरीखाली गेलेला असतो. खिडक्या लागतात, रजया निघतात आणि सरकारी वसाहतीतली रात्र एकाएकी निःशब्द होते. इतरांना ही शांतता सुखाची वाटते. आम्हाला तिचे भय वाटते. कारण आमच्या कानांतली शिटी त्या रात्री जितकी ऐकू येते तितकी वर्षात कधीच येत नाही. वस्तुतः ती वाढलेली नसते. तिला झाकणारे आवाज तेवढे निघून गेलेले असतात.

गेली सात वर्षे ही शिटी आमच्या सोबतीला आहे. आपल्या वैद्यकात या व्याधीला कर्णनाद असे सुरेख नाव आहे. माधवनिदानात रोग्याला भेरी, मृदंग आणि शंख यांचे ध्वनी ऐकू येतात असे सांगितले आहे. मौज अशी, की हठयोगप्रदीपिकेच्या चौथ्या अध्यायात साधकाला ऐकू येणाऱ्या नादांची जी यादी आहे तिच्यातही भेरी आहे, शंख आहे. वैद्याने ज्याला रोग म्हटले, जवळजवळ त्याच वर्णनाला योग्याने प्रगतीची खूण मानले. आमच्या शेजारच्या एका भाविक गृहस्थांनी तर या कारणास्तव आमचे अभिनंदन केले होते. अनाहत नाद घरबसल्या लाभला म्हणून पेढे वाटायचे तेवढे राहिले!

आजचे शास्त्र काय म्हणते तेही थोडक्यात सांगितले पाहिजे. अंतःकर्णातल्या सूक्ष्म केसांच्या पेशी वयाने, गोंगाटाने किंवा औषधाने निकामी झाल्या, की मेंदूकडे जाणारा संदेश रोडावतो. आणि ती उणीव भरून काढण्यासाठी मेंदू आपलीच संवेदनशीलता वाढवतो, असे पुष्कळ संशोधक मानतात. म्हणजे आवाज कानाचा वाटला, तरी तो टिकवून धरतो मेंदू. श्रवणाची नस कापूनही कित्येकांचा नाद थांबला नाही, याचे इंगित हेच. 1953 साली अमेरिकेत हेलर आणि बर्गमन यांनी उत्तम ऐकू येणाऱ्या 80 माणसांना ध्वनिरोधक खोलीत बसवले, तेव्हा त्यांतल्या 94 टक्के लोकांना कसला ना कसला आवाज ऐकू आला. आणखी एक नवल असे, की रोग्याचा नाद यंत्रावरच्या आवाजाशी जुळवून पाहिला, तर तो बहुधा कुजबुजीहून मोठा भरत नाही. त्याच्यामुळे होणारा त्रास मात्र कोणाला नगण्य, कोणाला असह्य. आवाजाच्या मापावरून त्या त्रासाचा अंदाज बांधता येत नाही.

आमच्यासारख्या कारकुनाला येथेच ठेच लागते. आमचे निम्मे आयुष्य प्रमाणपत्रे पडताळण्यात गेले. 2016 च्या दिव्यांगजन अधिकार कायद्यात 21 प्रकारची अपंगत्वे मोजली आहेत. बहिरेपण त्यांत आहे. दोन्ही कानांची श्रवणहानी 60 डेसिबेलवर गेली, की माणूस कायद्याच्या दृष्टीने ऐकण्यास असमर्थ ठरू लागतो. कर्णनादाला त्या यादीत स्वतंत्र जागा नाही, आणि ती कशी द्यावी हे आम्हालाही सांगता येणार नाही. कारण या दुःखाला रोग्याच्या शब्दापलीकडे दुसरा साक्षीदार नाही. चेक संगीतकार स्मेताना 1874 साली बहिरा झाला आणि दोन वर्षांनी त्याने आपल्या जीवनावर एक तंतुवाद्यांची रचना केली. तिच्या शेवटच्या भागात व्हायोलिनचा एक उंच, तीक्ष्ण सूर एकाएकी लांबत जातो. तो त्याच्या कानातला सूर. सगळ्या सभागृहाला साक्षीदार करून घेणारा असा रोगी विरळाच. आमच्यासारख्यांना फक्त समदुःखीच साक्षीदार म्हणून लाभतो.

आणि तोच खोटे बोलला तर?

गेल्या वर्षी एका मंडळाच्या गणेशोत्सवात आरतीच्या झांजा सुरू होताच एक वृद्ध गृहस्थ कानांवर हात ठेवून मांडवाबाहेर आले. आम्हीही त्याच कारणाने बाहेर उभे होतो. ओळख व्हायला वेळ लागला नाही. ते नोएडाला मुलाकडे राहणारे निवृत्त अधिकारी. चार महिन्यांपासून डोक्यात रातकिडे ओरडत होते. रोग जुना आहे असे आम्ही म्हणताच त्यांनी आमचा हात धरला आणि विचारले, "तुमचा थांबला ना?" त्यांच्या डोळ्यांकडे पाहून आम्ही म्हटले, "थांबला, काका. तुमचाही थांबेल."

धर्मराजाच्या अर्ध्या असत्याने त्याचा रथ जमिनीला टेकला असे महाभारत सांगते. पण ते असत्य विजयासाठी होते. आमचे दयेपोटी होते, अशी आम्ही स्वतःची समजूत घातली. दीड महिन्याने काका भेटले ते अधिक खंगलेले. रोज पहाटे जाग येताच ते निश्चल पडून कानोसा घेत: थांबला का? आज तरी थांबला का? आणि मेंदू ज्याचा कानोसा घेतो, त्यालाच मोठे करतो. जाहिरातीतली तेले आणि गोळ्या यांवरही त्यांनी बराच पैसा घालवला होता. "तुमचा गेला, मग माझा का जाऊ नये?" हाच त्यांचा आधार. तो आधार आमच्या असत्याचा होता.

त्या रात्री आम्ही पुष्कळ विचार केला. डॉक्टरचा शब्द तपासणीवर उभा असतो, घरच्यांचा मायेवर. समदुःखी माणसापाशी ज्ञान नसते, औषध नसते. त्याच्यापाशी एकच वस्तू असते, ती म्हणजे आतून दिलेली साक्ष. तीच आम्ही खोटी केली होती. आणि दया तरी कोणाची? त्यांचे भय पाहून आमची पहिली दोन निद्राहीन वर्षे जागी झाली होती. ते संभाषण संपावे म्हणून आम्ही तसे बोललो. "थांबत नाही" एवढेच सांगणे हेही अर्धसत्यच ठरले असते. आवाज राहतो आणि तरीही बहुतेकांचे लक्ष हळूहळू त्याच्यावरून उठते, मानसोपचाराने त्रास कमी होऊ शकतो, माणूस झोपू लागतो, हे सगळे सांगायला बैठक मारून बसावे लागते. खोट्याला दोन शब्द पुरतात.

पुढच्या रविवारी लोदी उद्यानात पोपटांच्या कलकलाटाखाली बसून आम्ही कबुली दिली.

"म्हणजे आत्ता, या क्षणीसुद्धा?" काकांनी विचारले.

"हो."

"आणि झोप?"

"येते. आधी दोन वर्षं धड येत नव्हती."

"मग हे तेव्हाच सांगायचं होतं!" ते उठले आणि काठी आपटत निघून गेले. त्यांचा राग रास्त होता. तीन आठवडे त्यांनी फोन उचलला नाही. आमच्या खरे बोलण्याने त्यांचे आणखी नुकसान झाले की काय, या शंकेने आम्हीही पोळत राहिलो. सत्य सांगितल्याने मन हलके होते असे म्हणतात. आमचे झाले नाही.

मग पंखा बंद होण्याची ती रात्र आली. साडेअकराला फोन वाजला.

"पंखा बंद केलात?" काकांचा आवाज.

"केला."

"वाजतंय?"

"वाजतंय, काका."

"माझंही," ते म्हणाले, आणि नातवाच्या गणिताच्या परीक्षेची हकीकत सांगू लागले.