सौरडागांची भरती, वैश्विक किरणांची ओहोटी

सूर्यावरचे डाग वाढले की पृथ्वीवर पोचणारे वैश्विक किरण घटतात आणि डाग ओसरले की ते पुन्हा वाढतात. हे नाते आज पाठ्यपुस्तकात एका वाक्यात उरकले जाते. ते सिद्ध व्हायला मात्र चार दशके लागली, कारण सुरुवातीचा प्रश्नच वेगळा होता. हे किरण सूर्यातून येतात का, एवढेच तेव्हा शोधले जात होते.

व्हिक्टर हेस या ऑस्ट्रियन भौतिकशास्त्रज्ञाने एप्रिल 1912 मध्ये सूर्यग्रहण चालू असताना बलूनमधून मोजमापे घेतली. चंद्राने सूर्य झाकला तरी किरणांमुळे हवेत होणाऱ्या आयनीभवनात घट झाली नाही. त्याच वर्षी 7 ऑगस्टला तो सुमारे 5,300 मीटर उंचीवर गेला, तेव्हा आयनीभवन जमिनीवरच्यापेक्षा बरेच जास्त आढळले. किरण अवकाशातून येतात, पण सूर्यातून नाही, असा त्याचा अर्थ होता. निष्कर्ष मुळात बरोबर होता. मात्र त्यामुळे सूर्य या विषयातून जवळजवळ बाद झाला. सौरडागांचे चक्र हाइन्रिख श्वाबे याने 1843 मध्येच जाहीर केले होते. तरीही दोन्हींची सांगड घालण्याचे कारण कोणाला दिसत नव्हते.

ही सांगड घातली अमेरिकेतल्या कार्नेगी संस्थेच्या स्कॉट फोर्बुश याने. त्याचे उपकरण म्हणजे आर्गॉन वायू दाबून भरलेला पोलादी गोल, भोवती शिशाच्या गोळ्यांचे कवच आणि आतले आयनीभवन सतत नोंदणारा छायाचित्रणाचा कागद. अशी उपकरणे अमेरिकेतले चेल्टनहॅम, पेरूमधले वान्कायो, न्यूझीलंडमधले क्राइस्टचर्च अशा दूरदूरच्या ठिकाणी वर्षानुवर्षे चालू होती. चुंबकीय वादळाच्या वेळी किरणांची तीव्रता जगभर एकदम खाली येते, हे त्याने 1937 मध्ये दाखवले. या घसरणीला आज त्याचेच नाव आहे. पण त्याचे खरे मोठे काम 1954 चे. 1937 ते 1952 या काळातल्या नोंदींतून त्याने हवेचा दाब, ऋतुमान आणि उपकरणाचा स्वतःचा हळूहळू होणारा बदल वेगळा काढला. जो फरक उरला तो जेमतेम चार टक्क्यांचा होता आणि तो सौरडागांच्या बरोबर उलट चालत होता. चार टक्क्यांसाठी पंधरा वर्षांच्या नोंदी निगुतीने सांभाळणे, हेच या शोधाचे मर्म.

शिकागोच्या जॉन सिम्प्सनने बनवलेला न्यूट्रॉन मॉनिटर कमी ऊर्जेच्या किरणांना अधिक संवेदनशील होता. वातावरणात निर्माण झालेले कण त्यातल्या शिशावर आदळून न्यूट्रॉन बाहेर पाडतात. ते पॅराफिनमध्ये मंदावतात आणि मग मोजले जातात. कोलोरॅडोतल्या क्लायमॅक्स येथे 1951 पासून सुरू झालेल्या या मोजणीत सौरचक्रामुळे होणारा फरक वीस टक्क्यांच्या आसपास दिसला. किरणांची ऊर्जा दहा अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्टच्या बरीच वर गेली की मात्र सूर्याचा प्रभाव झपाट्याने कमी होतो.

पण सूर्य हे करतो कसे? उत्तर शिकागोतच मिळाले. सूर्याच्या प्रभामंडलातून सतत वायू बाहेर वाहतो, असे यूजिन पार्करने 1958 मध्ये मांडले. दोन परीक्षकांनी लेख नाकारला. संपादक सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांना मात्र गणितात चूक सापडेना, म्हणून त्यांनी तो छापला. 1962 मध्ये मरीनर-2 यानाने हा सौरवारा प्रत्यक्ष मोजला. सेकंदाला सुमारे 400 किलोमीटर वेगाने जाणारा हा वारा सूर्याचे चुंबकीय क्षेत्र ओढून नेतो. त्यातल्या गुंत्यावर आदळत, दिशा बदलत आणि ऊर्जा गमावत किरणांना आत यावे लागते. सूर्य सक्रिय असताना गुंता वाढतो आणि आत पोचणारे किरण घटतात. वाऱ्याला सौरमंडलाच्या कडेपर्यंत जायला वर्षाहून अधिक काळ लागतो. किरणांची घटवाढ डागांच्या काही महिने मागे राहते, त्याचे हे एक मोठे कारण.

तरी नोंदींत एक कोडे होते. 1965 आणि 1987 च्या सुमाराची किरणांची शिखरे टोकदार, तर सत्तरच्या आणि नव्वदच्या दशकांतली पसरट. सूर्याचे चुंबकीय ध्रुव दर सुमारे अकरा वर्षांनी उलटतात, म्हणून पूर्ण चुंबकीय चक्र बावीस वर्षांचे असते. जोकिपी, लेव्ही आणि हबर्ड या संशोधकांनी 1977 मध्ये दाखवले की वक्र चुंबकीय क्षेत्रात विद्युतभारित कण सरकत जातात आणि ध्रुव उलटले की त्यांची सरकण्याची दिशाही उलटते. एका चक्रात प्रोटॉन मुख्यतः ध्रुवांकडून आत येतात, पुढच्या चक्रात विषुववृत्ताजवळून. शिखरांचा आकार आलटून पालटून बदलतो तो यामुळे.

25 ऑगस्ट 2012 रोजी, सूर्यापासून सुमारे 1,800 कोटी किलोमीटरवर, व्हॉयेजर-1 हे यान सौरवाऱ्याच्या हद्दीबाहेर गेले आणि कमी ऊर्जेच्या किरणांची संख्या एकदम वाढली. हद्दीच्या आत सूर्य किती किरण अडवतो, ते तेव्हा प्रथमच थेट कळले.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेची उटीतली ग्रेप्स-3 ही वेधशाळा म्युऑन मोजून फोर्बुश घसरणींचा अभ्यास करते. अशी केंद्रे जगभर आहेत, पण न्यूट्रॉन मॉनिटरच्या सलग नोंदींत अजून बावीस वर्षांची चार चक्रेही पूर्ण बसत नाहीत. चंद्र-मंगळाकडे माणसे पाठवताना किरणोत्साराचा अंदाज याच नोंदींवर बेतावा लागणार आहे. निधीअभावी एखादे केंद्र बंद पडले तर तिथली खंडित साखळी नंतर कोणत्याही उपकरणाने जोडता येत नाही, म्हणून जुनी केंद्रे चालू ठेवणे हे नवी उभारण्याइतकेच गरजेचे आहे.