दिवस कुणी मोजायचे?

लोणावळ्यात १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम सुरू केलं. योगाने शरीरात काय घडतं हे नुसत्या श्रद्धेवर न सोडता प्रयोगशाळेत मोजून पाहायचं, हा त्यांचा आग्रह होता. त्याच वर्षी जपानमध्ये क्युसाकू ओगिनो या स्त्रीरोगतज्ज्ञाने आपलं निरीक्षण प्रसिद्ध केलं. शस्त्रक्रियेच्या वेळी दिसलेली बीजकोशाची अवस्था आणि त्या बाईला पुढची पाळी कधी आली याची नोंद, या दोन गोष्टी त्यांनी ताडून पाहिल्या. बीज सुटतं ते पुढच्या पाळीच्या साधारण १२ ते १६ दिवस आधी, हे त्यातून दिसलं. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नाही. पण ऐकीव गोष्ट शरीरावर तपासून घ्यायची, ही वृत्ती दोन्हीकडे एकच होती.

गर्भ राहण्याचे दिवस ओळखण्याची धडपड त्याहून कितीतरी जुनी. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात ऋतुकाल बारा रात्रींचा सांगितला आहे, मनुस्मृतीत सोळा रात्रींचा. सुश्रुत तर ऋतुमती स्त्रीची लक्षणंही देतो: टवटवीत, प्रसन्न चेहरा, अंगातला ओलावा, अवयवांचं स्फुरण. म्हणजे शरीराच्या खुणा पाहायची दृष्टी होती. पण पाहणारा वैद्य किंवा नवरा. शिवाय सम रात्री मुलगा, विषम रात्री मुलगी असा हिशेब त्यात मिसळला आणि खुणांपेक्षा मुलाची हाव मोठी झाली. एकोणिसाव्या शतकातल्या युरोपी डॉक्टरांची समजूत तर पार उलटी होती. पाळीच्या आगेमागे गर्भ राहतो आणि महिन्याचा मधला काळ निर्धोक, असं ते सांगत. त्यांच्यावर भरवसा ठेवणाऱ्या बायकांना काय भोगावं लागलं असेल, याचा विचार अस्वस्थ करतो.

ओगिनोंनी मोजणीची दिशाच बदलली. मागच्या पाळीपासून पुढे मोजलं की चूक होते, कारण बीज सुटण्याआधीचा काळ आजारपणाने, काळजीने, बाळाला अंगावर पाजल्याने लांबतो; नंतरचा काळ मात्र बराचसा ठरलेला असतो. अडचण एकच, आणि ती मोठी: पुढची पाळी कधी येणार हे आधी कोण सांगणार? ऑस्ट्रियाच्या हेर्मान क्नाउस यांनी त्याच सुमारास स्वतंत्रपणे असाच निष्कर्ष काढला आणि गर्भ राहण्याचे दिवस टाळून उरलेला ‘सेफ पिरियड’ पाळायचा हा उपाय जगभर गेला.

महाराष्ट्रात तो एका पेटलेल्या वादात येऊन पडला. रघुनाथ धोंडो कर्व्यांनी मुंबईत १९२१ साली संततिनियमन केंद्र काढलं होतं. १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवताना त्यांनी खटले आणि दारिद्र्य सोसलं. मूल कधी हवं हे बाईने ठरवावं आणि त्याची साधनं तिच्या हाती असावीत, हा त्यांचा मुद्दा होता. गांधीजींना साधनं मान्य नव्हती, संयम मान्य होता. डिसेंबर १९३५ मध्ये संततिनियमनाच्या अमेरिकी पुरस्कर्त्या मार्गारेट सँगर वर्ध्याला त्यांना भेटल्या, तेव्हाही गांधीजी आपल्या मतापासून हलले नाहीत. फक्त ‘सेफ पिरियड’ त्यांना इतर उपायांइतका अप्रिय वाटला नाही, कारण त्यात थोडा तरी संयम होता. स्वातंत्र्यानंतर आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर यांच्या काळात हाच उपाय सरकारी प्रयोगासाठी निवडला गेला. जागतिक आरोग्य संघटनेच्या वतीने डॉ. अब्राहम स्टोन आले. दिल्लीची लोदी कॉलनी आणि म्हैसूर राज्यातलं रामनगर इथे बायकांना दिवस मोजायला रंगीत मण्यांच्या माळा दिल्या गेल्या. प्रयोग फारसा साधला नाही. मणी पुढे सरकवणं बाईच्या हातात होतं. जोखमीच्या रात्री ‘नको’ म्हणणं तिच्या हातात होतं का, याला माळेत उत्तर नव्हतं.

खरं वळण आलं ते मोजणीकडून निरीक्षणाकडे येताना. बीज सुटल्यावर प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकामुळे शरीराचं तापमान सुमारे ०.२ ते ०.५ अंश सेल्सिअसने वाढतं. पण ही खूण उशिरा येते, आणि आषाढात भाताच्या लावणीसाठी अंधारात उठणाऱ्या मावळातल्या बाईला, किंवा तळेगाव-चाकणच्या कारखान्यात रात्रपाळी करणारीला, रोज ठरल्या वेळी अंथरुणातच थर्मामीटर लावणं जमायचं नाही. १९५० च्या दशकात मेलबर्नच्या जॉन बिलिंग्ज यांनी, आणि पुढे एव्हलिन बिलिंग्ज यांनीही, दुसरी खूण पुढे आणली. बीज सुटण्याआधी योनीतला स्राव पारदर्शक, निसरडा, अंड्याच्या पांढऱ्यासारखा ताणला जाणारा होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या पाच देशांतल्या अभ्यासात बंगळूरही होतं. बहुतेक बायकांना, न शिकलेल्यांनाही, पहिल्याच महिन्यात ही खूण ओळखता आली. १९९५ साली ॲलन विलकॉक्स यांच्या अभ्यासाने गर्भ राहण्याचा काळ सहा दिवसांचा ठरवला: बीज सुटण्याचा दिवस आणि त्याआधीचे पाच.

आपल्याकडे मात्र ही खूण लाजेखाली दडली. ‘अंगावरून पांढरं जातंय’ एवढंच बाई बोलते, तेही दबक्या आवाजात. मग निरोगी स्रावाचीही भीती वाटते आणि खरा आजारही अंगावर काढला जातो. डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी गडचिरोलीच्या दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या. १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्या अभ्यासात ९२ टक्के बायकांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता, आणि त्याआधी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के. स्रावाला दुर्गंधी, खाज, दह्यासारख्या गुठळ्या किंवा हिरवट-पिवळा रंग असेल तर दवाखाना गाठायचा. निर्मळ, ताणला जाणारा स्राव हा आजार नव्हे. एवढा फरक कळला तरी किती धास्ती आणि किती दुखणी कमी होतील!

या ज्ञानाच्या मर्यादा लपवू नयेत. पाळी सुरू झाल्यापासून मोजून ८ ते १९ हे दिवस टाळायला सांगणारी मण्यांची नवी पद्धत २६ ते ३२ दिवसांनी पाळी येणाऱ्यांसाठीच आहे, आणि नेहमीच्या वापरात वर्षाला शंभरातल्या सुमारे बाराजणींना तरीही दिवस जातात. मोबाइलमधली बरीच ॲप मागच्या तारखांवरून अंदाजच बांधतात. ज्यांना मूल नकोच आहे त्यांनी केवळ यावर विसंबू नये. लैंगिक संसर्गापासून तर यात काहीच रक्षण नाही. उलट ज्यांना मूल हवं आहे त्यांना याचा मोठा उपयोग आहे. कार्ल्याच्या एकवीरा आईला नवस बोलणाऱ्या कितीतरी जोडप्यांना हे सहा दिवस कुणी समजावलेलेच नसतात. वर्षभर प्रयत्न करूनही गर्भ राहिला नाही, तर तपासणी दोघांची व्हायला हवी. दोष मात्र आजही आधी सुनेच्या माथी येतो.

म्हणून मावळातल्या आशाताईंना, शिक्षिकांना आणि आयांना विनंती आहे: मुलीला पहिली पाळी आली की पॅडबरोबर एक वहीही द्या, पाळीची तारीख आणि स्रावाची खूण कशी लिहायची ते दाखवा. आणि त्या वहीत काय असतं, हे घरातल्या मुलालाही समजावून सांगा.