जुनेपणाचा रंग

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील चेसापीक उपसागरात रानबदकांचे शिकारी पाण्यावर लाकडी बदके तरंगत ठेवीत. वरून जाणाऱ्या थव्याला ती आपलीच भासावीत आणि त्याने बंदुकीच्या टप्प्यात उतरावे, एवढेच त्यांचे प्रयोजन. फसवणूक हा या वस्तूचा जन्मधर्मच होय. युक्ती प्राचीन आहे. नेवाडातील लव्हलॉक गुहेत १९२४ साली सापडलेली लव्हाळ्याची बदके सुमारे २००० वर्षांपूर्वीची आहेत.

१९१८ च्या कायद्याने तेथील स्थलांतरित पक्ष्यांची बाजारासाठी होणारी शिकार थांबली, आणि ही बदके हळूहळू संग्राहकांच्या कपाटांत जाऊन बसली. मॅसॅच्युसेट्सचे कारागीर एल्मर क्रॉवेल यांनी घडविलेले दोन लाकडी पक्षी २००७ साली प्रत्येकी ११ लाख डॉलरांहून अधिक किमतीस विकले गेले.

आज काही कारागीर नवे बदक कोरून त्याला जुने करतात. रंगाचे थर चढवायचे, मग चोच, शेपटी, पाठीची कड येथे पॉलिश पेपरने घासून खालचा थर, क्वचित उघडे लाकूडही दिसू द्यायचे; खाचांत काळसर मेण भरायचे. जाणता कारागीर मात्र वाटेल तेथे घासत नाही. शिकाऱ्याचा हात बदकाला कोठे धरी, नांगराची दोरी कोठे गुंडाळली जाई, याचा तो विचार करतो. न घडलेले एक आयुष्य त्याला आधी कल्पावे लागते. (आपले ऐतिहासिक कादंबरीकार आधुनिक वाक्यावर बखरीतले शब्द घासतात, तेव्हा इतका विचार क्वचितच करतात.)

हे असत्य म्हणावे काय? तळाशी नाव व साल कोरले की दोष उरत नाही, असे उत्तर दिले जाते. ते मला मान्य आहे, पण पुरेसे वाटत नाही. साल खरवडून काढता येते, हा त्यातला किरकोळ भाग. खरी अडचण अशी की, झीज हे नुसते रूप नसते. ती कुणाच्या तरी थंडीतल्या पहाटांची खूण असते. स्वतः शिकाऱ्याला त्या खुणेचे यत्किंचितही कौतुक नव्हते. रंग उडाला की थवा बिचकेल, म्हणून तो हंगामापूर्वी बदक पुन्हा रंगवी. त्याने जे झाकले, तेच आज मुद्दाम उघडे करून दाखविले जाते. आणि घेणारा, साल वाचूनसुद्धा, अंगठा प्रथम त्या झिजलेल्या मानेवरूनच फिरवतो.